जुना संगणक, नवी ऑपरेटिंग सिस्टीम : संशोधनाचे सॉफ्टवेअर कसे जपावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित पाठबळ थांबविले. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने ही बातमी फार तर नवा लॅपटॉप घेण्याचे निमित्त ठरते. विद्यापीठांचे विभाग, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि संशोधन संस्था यांच्यापुढे मात्र तिने जुनाच पेच नव्याने उभा केला आहे. तेथे कोपऱ्यात ठेवलेला एखादा दहा-पंधरा वर्षांचा संगणक लाखो रुपयांच्या उपकरणाला जोडलेला असतो. त्यावरील सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी कधीच बंद झालेली असते, मूळ सीडी सापडत नाही आणि ज्याने ते बसविले तो विद्यार्थी पीएच.डी. घेऊन निघून गेलेला असतो. अशा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी, तर सॉफ्टवेअर बंद पडण्याची भीती. न बदलावी, तर सुरक्षेचा धोका.

हा पेच पूर्णपणे टाळता येत नसला, तरी पुरेशी पूर्वतयारी केल्यास हानी टाळता येते. त्यासाठी सॉफ्टवेअर नेमके कशामुळे बंद पडते, हे आधी समजून घ्यावयास हवे.

सॉफ्टवेअर का बंद पडते?

पहिले कारण म्हणजे १६, ३२ आणि ६४ बिटांतील फरक. डॉस आणि विंडोज ३.१ यांच्या काळातील बहुतेक सॉफ्टवेअर १६ बिटांची होती. विंडोज ९५ नंतर ३२ बिटांची सॉफ्टवेअर रूढ झाली आणि पुढे ६४ बिटांची आली. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्तीवर ३२ बिटांची सॉफ्टवेअर चालतात, १६ बिटांची मात्र चालत नाहीत. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती उपलब्ध होती व तीत १६ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठी सोय होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आलेले विंडोज ११ केवळ ६४ बिटांतच मिळते. साहजिकच १६ बिटांच्या सॉफ्टवेअरचा थेट मार्ग तेथे संपतो. ग्रंथालयीन सूचीसाठी युनेस्कोने १९८५ मध्ये वैयक्तिक संगणकांकरिता उपलब्ध करून दिलेले 'सीडीएस/आयसिस' हे याचे ठळक उदाहरण. भारतातील अनेक ग्रंथालयांनी त्याचा वापर केला. त्याची डॉसवरील आवृत्ती आजच्या विंडोजवर जशीच्या तशी चालू शकत नाही. कित्येकदा मूळ सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असते, पण ते बसविणारा इन्स्टॉलर १६ बिटांचा असतो. परिणामी चालू शकणारे सॉफ्टवेअरही नव्या संगणकावर बसविता येत नाही.

दुसरे कारण ड्रायव्हर. संगणक आणि उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या या छोट्या सॉफ्टवेअरला ३२ व ६४ बिटांमधील सवलत नाही. ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो. शिवाय व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजने ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी बंधनकारक केली आणि २०१६ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरसाठी मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी आवश्यक ठरली. उपकरणाच्या निर्मात्याने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर उत्तम स्थितीतील उपकरणही निरुपयोगी ठरते. त्यातच जुनी उपकरणे सिरियल किंवा पॅरलल पोर्टला, क्वचित संगणकाच्या आत बसविलेल्या विशिष्ट कार्डाला जोडलेली असतात. आजच्या संगणकांत ही जोडणीच नसते.

तिसरे कारण परवाना. महागडी सॉफ्टवेअर अनेकदा 'डाँगल' नावाच्या लहानशा किल्लीवर चालतात. ही किल्ली लावली नसेल, तर सॉफ्टवेअर उघडत नाही. किल्लीलाही स्वतःचा ड्रायव्हर असतो. काही सॉफ्टवेअरचा परवाना त्या विशिष्ट संगणकाशी बांधलेला असतो. हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड बदलला की तो नाकारला जातो. परवाना पडताळणारा कंपनीचा सर्व्हर बंद झाला असेल, तर रीतसर खरेदी केलेले सॉफ्टवेअरही पुन्हा सुरू करता येत नाही.

चौथे कारण म्हणजे सॉफ्टवेअर ज्या इतर घटकांवर उभे असते ते घटक. जावाची जुनी आवृत्ती, डॉट नेटची विशिष्ट आवृत्ती, इंटरनेट एक्स्प्लोरर, फ्लॅश, पायथन २ अशा घटकांवर असंख्य संशोधन सॉफ्टवेअर अवलंबून होती. पायथन २ चे पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी, फ्लॅशचे ३१ डिसेंबर २०२० रोजी, तर विंडोज १० वरील इंटरनेट एक्स्प्लोररचे १५ जून २०२२ रोजी संपले.

न बदलण्याची किंमत

'चालते आहे तर हात कशाला लावायचा?' हा प्रश्न प्रयोगशाळांत नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर १२ मे २०१७ रोजी जगाला मिळाले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने त्या दिवशी अनेक देशांतील संगणकांवरील फाइल कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार, इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्यसेवा ट्रस्टना त्याचा फटका बसला. या हल्ल्याला रोखणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्या प्रणालीला तेव्हा पाठबळ होते, पण ती सुधारणा बसविलेली नव्हती. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले होते, तरीही परिस्थितीचे गांभीर्य पाहून कंपनीला त्यासाठी अपवाद म्हणून सुधारणा द्यावी लागली.

पाठबळ संपलेल्या प्रणालीला अशी सुधारणा मिळण्याची खात्री नसते. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी संपले. असा संगणक संस्थेच्या नेटवर्कला जोडलेला राहिला, तर धोका त्या एका संगणकापुरता मर्यादित राहत नाही.

बदलाचीही किंमत : आकडेच बदलतात

सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर सुरू झाले म्हणजे काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात बंद पडलेले सॉफ्टवेअर निदान लक्षात तरी येते. सुरळीत चालून निराळे उत्तर देणारे सॉफ्टवेअर अधिक घातक ठरते.

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवरून त्याच्या विविध भागांचे आकारमान मोजणारे 'फ्रीसर्फर' हे सॉफ्टवेअर संशोधकांमध्ये सर्वपरिचित आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात त्याची तपासणी प्रसिद्ध केली. प्रतिमा त्याच ठेवून केवळ सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, तेव्हा आकारमानाच्या मोजमापांत सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आवृत्ती तीच ठेवून मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम १०.५ वरून १०.६ केली, तरीही फरक पडला. तो साधारण निम्म्याने कमी होता, इतकेच. फेरविश्लेषण केल्याशिवाय सॉफ्टवेअरची किंवा ऑपरेटिंग सिस्टीमची मुख्य आवृत्ती बदलू नये, असा इशारा या संशोधकांनी दिला. एखाद्या आजाराने मेंदूत होणारा बदलही काही टक्क्यांचाच असू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या इशाऱ्याचे महत्त्व कळते.

दुसरे उदाहरण रसायनशास्त्रातील. रेणूंच्या एनएमआर मोजमापांशी संबंधित गणिते करणाऱ्या काही पायथन आज्ञावल्या २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या. हवाई विद्यापीठातील संशोधकांना २०१९ मध्ये असे आढळले की, त्याच आज्ञावल्या त्याच फाइलींवर चालविल्या असता विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हेरिक्स आवृत्तीवर अपेक्षित उत्तर येते. उबुंटू आणि मॅकच्या मोहावी आवृत्तीवर ते बदलते. आज्ञावली फाइलींची यादी ऑपरेटिंग सिस्टीमकडून मागवीत असे आणि ती ठरावीक क्रमानेच येईल असे गृहीत धरीत असे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम हा क्रम पाळेलच, याची शाश्वती नव्हती. क्रम बदलला की चुकीच्या फाइलींच्या जोड्या लागत. चुकीचा कोणताही संदेश पडद्यावर येत नसे. यादी आधी क्रमवार लावून घेण्याची साधी दुरुस्ती केल्यावर हा दोष दूर झाला.

आधी यादी, मग बदल

ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा निर्णय झाला, तरी पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ते किती बिटांचे आहे, परवान्याचा क्रमांक, डाँगल कोणत्या प्रकारचा, मूळ सीडी अथवा इन्स्टॉलर कोठे आहे, उपकरण कोणत्या पोर्टला जोडले आहे व त्याच्या ड्रायव्हरची आवृत्ती कोणती, याची नोंद करावी. सॉफ्टवेअरमधील सेटिंगच्या प्रत्येक खिडकीचे छायाचित्र काढून ठेवावे. उपकरणाच्या कॅलिब्रेशनचे आकडे अनेकदा अशाच एखाद्या खिडकीत किंवा लहानशा फाइलीत दडलेले असतात आणि ते परत मिळविण्यासाठी तंत्रज्ञाला बोलावण्याचा खर्च मोठा असतो.

संगणकाच्या बायोसमधील सेटिंग टिपून ठेवणेही आवश्यक आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की ही सेटिंग आणि तारीख पुसली जाते. हार्ड डिस्कच्या जोडणीची पद्धत त्यात बदलली, तर विंडोज एक्सपीसारखी प्रणाली सुरूच होत नाही आणि डिस्क बिघडली असा गैरसमज होतो. तारीख चुकली, तर उपकरणाने साठविलेल्या नोंदींवर चुकीचे दिवस पडतात.

विभागीय सेटिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या संगणकावर तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असेल आणि नवी प्रणाली अमेरिकी पद्धतीने बसविली गेली असेल, तर ३ एप्रिलची नोंद ४ मार्चची होऊन बसते. १२ तारखेपर्यंतच्या नोंदी अशा निमूटपणे बदलतात, तर १३ तारखेपासूनच्या नोंदींचे तारीख म्हणून वाचनच होत नाही.

फाइलींच्या स्वरूपाचाही याच वेळी विचार व्हावा. संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एसपीएसएस'मध्ये १६ व्या आवृत्तीपासून निष्कर्षांच्या फाइलींचे स्वरूप बदलले. त्यापूर्वीच्या 'एसपीओ' फाइल नव्या आवृत्तीत थेट उघडत नाहीत. त्यासाठी निराळा दर्शक लागतो. ज्यांनी जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी हे निष्कर्ष पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवले, त्यांची गैरसोय टळली. कोणतेही सॉफ्टवेअर बंद होण्यापूर्वी त्यातील आकडे सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात आणि आलेख प्रतिमांच्या स्वरूपात बाहेर काढावेत. मूळ फाइलही सोबत जपावी.

मूळ डिस्क कपाटात ठेवा

फाइलींची नक्कल म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. सॉफ्टवेअरचे घटक, परवाने आणि ड्रायव्हर डिस्कवर सर्वत्र विखुरलेले असतात. त्यासाठी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढावी लागते. 'क्लोनझिला' हे विनामूल्य सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून सुरू होऊन हे काम करते. प्रतिमा किमान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. तिच्यावरून संगणक खरोखर सुरू होतो की नाही, हे दुसऱ्या डिस्कवर ती उतरवून पाहावे. न तपासलेल्या प्रतिमेवर भिस्त ठेवता येत नाही.

त्याहूनही सोपी पद्धत अशी की, जुन्या डिस्कवर नवी प्रणाली बसवूच नये. नवी एसएसडी विकत घेऊन तीवर नवी प्रणाली बसवावी आणि मूळ डिस्क काढून, तारीख व तपशील लिहून, कपाटात ठेवावी. काही बिनसल्यास जुनी डिस्क परत लावली की संगणक पूर्ववत होतो. विंडोज १० आणि ११ मध्ये पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची सोय आहे, परंतु तिची मुदत साधारणतः १० दिवसांचीच असते. महिन्यातून एकदा चालविल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील दोष इतक्या अवधीत लक्षात येणे कठीण.

काम सुरू करण्यापूर्वी ज्या सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाशी बांधलेला आहे, त्याचा परवाना जुन्या संगणकावर रीतसर निष्क्रिय करावा. डिस्क पुसल्यानंतर हे करता येत नाही.

उपलब्ध मार्ग

पहिला मार्ग आहे त्याच प्रणालीवर नवी आवृत्ती चढविण्याचा. यात सॉफ्टवेअर व फाइल जागच्या जागी राहतात. विंडोज १० च्या अलीकडील आवृत्तीवरून विंडोज ११ वर असे जाता येते. विंडोज ७ वरून मात्र थेट ११ वर सॉफ्टवेअरसह जाता येत नाही. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर तर कोणत्याही परिस्थितीत नवीनच मांडणी करावी लागते. विंडोज ११ साठी ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सुरक्षित बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. अटी चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. तथापि, अशा संगणकाला सुधारणा मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. संशोधनाच्या संगणकावर असे प्रयोग करू नयेत.

दुसरा मार्ग म्हणजे मुदत विकत घेणे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना आणली. वैयक्तिक ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली, तर संस्थांसाठी शुल्क भरून ती तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहे. शिक्षणसंस्थांसाठी प्रतिसंगणक शुल्क पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असे नाममात्र ठरविण्यात आले. याखेरीज उपकरणांच्या निर्मात्यांमार्फत मिळणाऱ्या विंडोज १० च्या २०२१ मधील दीर्घ मुदतीच्या 'आयओटी' आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत पाठबळ आहे. आपल्या उपकरणासोबत कोणती आवृत्ती आली आहे, हे पाहिल्याशिवाय संगणक बदलण्याची घाई करू नये.

तिसरा मार्ग आभासी संगणकाचा. नव्या संगणकावर एका खिडकीत जुनी प्रणाली तिच्या सर्व सॉफ्टवेअरसह चालविता येते. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच 'एक्सपी मोड' या नावाने अशी सोय दिली होती. मायक्रोसॉफ्टचेच 'डिस्क-टू-व्हीएचडी' हे साधन चालू संगणकाच्या डिस्कचे आभासी डिस्कमध्ये रूपांतर करते. ती ओरॅकलच्या 'व्हर्च्युअलबॉक्स'मध्ये किंवा विंडोजच्या 'हायपर-व्ही'मध्ये चालविता येते. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरसाठी हा सर्वांत व्यवहार्य मार्ग होय. त्याला मर्यादाही आहेत. यूएसबी डाँगल आभासी संगणकाला देता येतो, पण संगणकाच्या आत बसविलेले जुने कार्ड सहसा देता येत नाही. संगणकाशी बांधलेले परवाने नव्या आभासी यंत्राला ओळखत नाहीत. जुन्या विंडोजचा परवाना आभासी संगणकात वापरण्याची मुभा आहे काय, हेही तपासावे लागते. शिवाय आभासी संगणकातील जुनी प्रणाली तितकीच असुरक्षित असते. त्यामुळे तिचे नेटवर्क बंद ठेवून केवळ एका सामाईक फोल्डरमधून फाइलींची देवाणघेवाण करावी.

डॉसवरील सॉफ्टवेअरसाठी २००२ पासून उपलब्ध असलेले 'डॉसबॉक्स' उपयोगी पडते. विंडोजची अनेक सॉफ्टवेअर 'वाइन'च्या साहाय्याने लिनक्सवरही चालतात.

चौथा मार्ग विलगीकरणाचा. उपकरणाला जोडलेला संगणक बदलणे अशक्यच असेल, तर तो जसा आहे तसा ठेवून नेटवर्कपासून पूर्णपणे तोडावा. ई-मेल, इंटरनेट व अन्य कोणतेही काम त्यावर करू नये. फाइल बाहेर नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो प्रत्येक वेळी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासावा. यंत्राचे आयुष्य मर्यादित असल्याने त्याच जातीचा जुना मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि डिस्कची तयार प्रत हाताशी असावी. या मार्गाने सवड मिळते. कायमचा उपाय त्यात नाही.

पाचवा मार्ग सॉफ्टवेअरच बदलण्याचा. तो कष्टाचा असला, तरी दूरगामी फायद्याचा ठरू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी मॅकिन्टॉशसाठी 'एनआयएच इमेज' हे प्रतिमा विश्लेषणाचे सॉफ्टवेअर लिहिले होते. ते त्या एकाच संगणकाच्या जातीशी बांधलेले होते. १९९७ मध्ये त्यांनी जावा भाषेत 'इमेजजे' लिहावयास घेतले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते आणि आजही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. मूळ मॅकिन्टॉश मागे पडला, सॉफ्टवेअर मात्र टिकले. एसपीएसएसच्या फाइल वाचणारे 'पीएसपीपी' किंवा 'आर' हेही असेच मुक्त पर्याय आहेत. कंपनी बंद पडली तरी ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना उपलब्ध आहे, असे सॉफ्टवेअर कोणी तरी दुरुस्त करू शकतो.

मॅक आणि लिनक्स

मॅक वापरणाऱ्यांना हा अनुभव वारंवार आला आहे. २०११ मधील 'लायन' आवृत्तीने पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा मार्ग बंद केला. ३२ बिटांची सॉफ्टवेअर २०१८ मधील 'मोहावी' आवृत्तीपर्यंत चालत; ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या 'कॅटालिना'ने ती एका फटक्यात बंद केली. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केली. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी २०२५ मधील 'टाहो' ही शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. मॅकवर 'अपडेट'चे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर किती बिटांचे व कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे.

लिनक्सवर अडचण निराळ्या स्वरूपाची असते. तेथे प्रणाली बदलताच तिच्यासोबतचे असंख्य सामाईक घटक बदलतात आणि जुनी आज्ञावली त्यांच्याशी जुळत नाही. 'डॉकर' किंवा 'ॲपटेनर' यांसारखी कंटेनर साधने आज्ञावली आणि तिला लागणारे घटक एकाच डब्यात बांधून ठेवतात. बाहेरची प्रणाली बदलली, तरी डब्यातील घटक तेच राहतात.

मराठी मजकुराचे काय?

संशोधनाचे सॉफ्टवेअर म्हटले की विज्ञानच डोळ्यांसमोर येते. मराठी भाषा, साहित्य आणि इतिहास यांच्या अभ्यासकांपुढील प्रश्न तितकाच गंभीर आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ शब्दकोश, सूची, प्रबंध आणि लोकसाहित्याची संकलने 'श्रीलिपी', 'आकृती' किंवा 'सी-डॅक'च्या 'आयएसएम'सारख्या सॉफ्टवेअरवर टंकलिखित झाली. यांतील बराच मजकूर युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट आणि त्याची मांडणी ठाऊक असलेले सॉफ्टवेअर हाती असेल, तोवरच तो मराठी असतो. नव्या संगणकावर तोच मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांगोळी होऊन उमटतो.

म्हणून जुना संगणक चालू असतानाच हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट जपावा, तसेच प्रत्येक फाइलीची पीडीएफ प्रत काढावी. रूपांतरात शब्द बिघडला, तर मूळ पान कसे दिसत होते, हे त्या प्रतीवरून कळते. मराठीच्या दृष्टीने दोन जागा विशेष जपावयाच्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या रूपांतरांत ते 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असू शकते. 'वाऱ्यावर'सारख्या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षरही दोन पद्धतींनी साठविले जाते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेतला असता संगणक त्यांना निरनिराळे शब्द समजतो. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या अभ्यासात त्यामुळे आकडे चुकतात. रूपांतरानंतर सर्व मजकुरात एकच पद्धत वापरली आहे, याची खात्री करून घ्यावी.

शेवटची पायरी : पडताळणी

नवी प्रणाली सुरू झाल्यावर जुना संगणक लगेच मोडीत काढू नये. जुन्या कामातील तीन-चार नमुने निवडून, त्याच मूळ फाइलींवर दोन्ही संगणकांवर विश्लेषण करावे आणि उत्तरे शेवटच्या दशांश स्थळापर्यंत ताडून पाहावीत. उपकरण असल्यास प्रमाणित नमुन्याचे मोजमाप दोन्हींवर घ्यावे. फरक आढळल्यास तो स्वीकारार्ह मर्यादेत आहे काय, हे मार्गदर्शकाने ठरवावे आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. सॉफ्टवेअरच्या नावासोबत त्याची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती शोधनिबंधात नमूद करण्याचा प्रघातही त्यासाठीच पाळावयाचा.

वेळेची निवडही महत्त्वाची. प्रबंधाचे विश्लेषण अर्ध्यावर असताना ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, तर अर्धे आकडे एका प्रणालीवरचे आणि अर्धे दुसरीवरचे, अशी अवस्था होते. एक अभ्यास संपल्यानंतर व दुसरा सुरू होण्यापूर्वीचा काळ यासाठी योग्य. ते शक्य नसल्यास संपूर्ण विश्लेषण नव्या प्रणालीवर पुन्हा करावे.

'रीसायन्स सी' या नियतकालिकाने २०१९ मध्ये संशोधकांना एक आव्हान दिले होते. दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच शोधनिबंधातील आज्ञावली आज चालवून तेच उत्तर मिळवून दाखवावे, असे त्याचे स्वरूप होते. आयोजकांपैकी निकोला रुजिए यांनी स्वतः १९८८ मधील, ॲपल टू या संगणकासाठी लिहिलेला आपला प्रोग्रॅम निवडला आणि तो पुन्हा चालवून दाखविला. नियतकालिकात छापलेली मूळ आज्ञावली उपलब्ध होती, म्हणून ते शक्य झाले.

आपल्याकडील प्रयोगशाळांत सॉफ्टवेअरची ही माहिती बहुधा एखाद्याच व्यक्तीच्या स्मरणात असते. ती व्यक्ती निवृत्त होण्यापूर्वी किंवा शिक्षण संपवून जाण्यापूर्वी यादी, डिस्कची प्रतिमा, परवान्यांचे कागद आणि संगणक पुन्हा उभा करण्याची कृती विभागाच्या दप्तरी जमा करून घेतली, तर पुढील बदलाच्या वेळी हे सारे नव्याने शोधावे लागणार नाही.